बोलीचे मूल्यमापन : कॉन्ट्रॅक्ट ब्रिजमधील निर्णय आणि निकाल

प्रस्तावना

कर्जत सोडून लोहमार्ग बोरघाट चढू लागला की लोणावळ्याच्या अलीकडे, खालापूर-कर्जतच्या डोंगरउतारावर ठाकुरवाडी हे ठिकाण लागते. ठाकूर समाजाच्या वस्तीवरून पडलेले हे नाव या परिसरातील अनेक वाड्यांना आहे. येथे अभिप्रेत असलेली ठाकुरवाडी रेल्वेची आहे. सन १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग सुरू झाला. त्याचा सर्वांत तीव्र चढ सदतीसास एक आहे. पुण्याकडून उतरणाऱ्या गाडीला या घाटात ठरावीक ठिकाणी सक्तीने थांबावे लागते व ठाकुरवाडी हे त्यांपैकी एक होय. तेथील सांधा मुख्य मार्गाकडे लावलेला नसतो, तो डोंगराकडे चढत जाणाऱ्या कॅच सायडिंगकडे लावलेला असतो. गाडी पूर्ण थांबली, ती चालकाच्या ताब्यात आहे याची खात्री पटली, की मगच सांधा फिरवून वाट मोकळी केली जाते.

ब्रेक उत्तम असलेल्या शंभर गाड्या शंभर वेळा थांबतात आणि शंभर वेळा सुखरूप पुढे जातात. त्या दिवशीचा निकाल पाहून ‘आज थांबणे व्यर्थ गेले’ असा शेरा कोणताही रेल्वे अभियंता मारणार नाही. थांबण्याचा निर्णय योग्य की अयोग्य हे गाडी उतरून गेल्यावर ठरत नाही, ते थांबण्यापूर्वी काय ठाऊक होते यावर ठरते. त्याच मार्गावरून रोज ये-जा करणाऱ्या पासधारकांच्या डब्यात मात्र वेगळा न्याय चालतो. मांडीवर बॅग आडवी ठेवून रंगलेल्या डावात बोली फसली, की भिडूचा पहिला प्रश्न असतो, ‘बोललास कशाला?’ आणि बोली साधली, तर हा प्रश्न कोणीच विचारत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच न विचारलेला प्रश्न आहे. पत्त्यांच्या खेळांत तो सर्वाधिक काटेकोरपणे कॉन्ट्रॅक्ट ब्रिजमध्ये विचारता येतो, म्हणून चर्चा त्या खेळापुरती ठेवली आहे.

ब्रिजशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी एवढे पुरे. चार खेळाडू, समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू, प्रत्येकाला तेरा पाने. खेळापूर्वी बोली होते. आपली जोडी एकूण तेरा हातांपैकी (हात म्हणजे चार पानांची एक फेरी) किती हात करील आणि कोणता हुकूम ठेवून किंवा बिनहुकमी करील, याचे ते वचन असते. ‘तीन बिनहुकमी’ म्हणजे सहा अधिक तीन, असे नऊ हात. वचनाइतके हात झाले तरच गेम किंवा स्लॅमचे मोठे गुण मिळतात. कमी पडल्यास दंड होतो. बोलीतच जोखीम यावी अशी ही गुणपद्धती हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये एका सागरी प्रवासात सिद्ध केली व जुन्या ऑक्शन ब्रिजची जागा नव्या खेळाने घेतली. तेव्हापासून ब्रिजवरील बहुतांश समीक्षा ही बोलीची समीक्षा आहे.

बावन्न, सव्वीस आणि तेरा

या समीक्षेतील बहुतेक गोंधळ एका कारणाने होतो. तीन वेगवेगळ्या गोष्टींचे मूल्यमापन एकाच शब्दाने केले जाते. निकाल बावन्न पानांवर अवलंबून असतो. करार चांगला की वाईट हे जोडीच्या सव्वीस पानांवरून ठरते. बोली मात्र स्वतःची तेरा पाने आणि तोवर कानावर पडलेल्या बोली एवढ्याच आधारावर केलेली असते. टीकाकार बहुधा बावन्नाच्या आसनावर बसून तेराच्या आसनावरील माणसाला दोष देतो. वृत्तपत्रांतील ब्रिजच्या सदरांची मांडणीही या चुकीला खतपाणी घालते. तेथे सुरुवातीलाच चारही खेळाडूंची पाने छापलेली असतात आणि बोली त्यांच्याखाली येते. म्हणजे बोली करणाऱ्याला जे कधीच दिसले नाही ते वाचकाला आधी दिसते.

पुढील डाव केवळ उदाहरणासाठी रचलेला आहे. पहिल्या खेळाडूकडे इस्पिक ८ ३, बदाम राजा ६ ५, चौकट एक्का राणी ४ २, किलवर एक्का राजा ७ २ अशी पाने आहेत. एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन व गुलामाला एक या प्रचलित मोजणीने सोळा गुण होतात, आणि पाने समतोल आहेत. तो ‘एक बिनहुकमी’ बोलतो. अर्थ असा, की पंधरा ते सतरा गुण आहेत. भिडूकडे इस्पिक ७ ४, बदाम एक्का राणी ३, चौकट राजा गुलाम ६ ५, किलवर ९ ६ ४ ३ अशी पाने, म्हणजे दहा गुण आहेत. जोडीचे मिळून किमान पंचवीस होतात आणि बिनहुकमी गेमला साधारणपणे तेवढे पुरतात. तो ‘तीन बिनहुकमी’ बोलतो. तेरा पानांवरून पाहता ही बोली निर्दोष आहे. जगातील कोणत्याही क्लबात बहुतेक जाणकार हीच बोली करतील.

आता सव्वीस पाने उघडी करू. बदामाचे तीन, चौकटचे चार आणि किलवरचे दोन असे नऊ हात तयार आहेत, परंतु इस्पिकात काहीच नाही. एक्क्यापासून दुर्रीपर्यंत इस्पिकची नऊ पाने प्रतिस्पर्ध्यांकडे आहेत. ती पाच-चार वाटली गेली, तरी इस्पिकची उतारी होताच जवळपास नेहमीच पहिले पाच हात त्यांचे. म्हणजे करार वाईट आहे. आणि बावन्न पाने? उतारी करणाऱ्याकडे इस्पिकची चार व बदामाची गुलाम-दश्शी-नव्वी-अठ्ठीसह पाच पाने असतील, तर तो नेहमीच्या पद्धतीने बदामाचा गुलाम उतरेल. नऊ हात सरळ होतील आणि करार पूर्ण होईल. एकाच डावात बोली योग्य, करार वाईट आणि निकाल चांगला असे तीन वेगळे शेरे संभवतात, आणि तिन्ही एकाच वेळी खरे आहेत. यापैकी कोणत्या शेऱ्याबद्दल आपण बोलत आहोत हे न सांगता केलेली समीक्षा वादाला निमंत्रण देते.

टक्केवारीची चौकट

बोलीच्या योग्यतेचा निकष शक्यतेचा आहे, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. मात्र किती शक्यता पुरेशी आहे हा प्रश्न अनेकदा सोडून दिला जातो आणि ‘निम्म्याहून अधिक’ असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक संघांच्या स्पर्धेत चुकीचे ठरते. तेथे गुणांच्या फरकाचे ‘इंप’ या एककात रूपांतर होते. व्हल्नरेबल स्थितीत चार इस्पिकचा गेम बोलून तो झाला, तर ६२० गुण मिळतात. दुसऱ्या टेबलावरील जोडी गेमच्या खाली थांबली असेल, तर तिला १७० मिळतात. फरक ४५०, म्हणजे १० इंप. गेम एका हाताने बुडाला, तर वजा १०० विरुद्ध १४०, फरक २४०, म्हणजे ६ इंप. दहा मिळवण्यासाठी सहा पणाला लागतात. म्हणून ३७.५ टक्के शक्यता असली तरी गेम बोलावा. व्हल्नरेबल नसताना हाच हिशेब ६ विरुद्ध ५ असा होतो व सीमा सुमारे ४५ टक्क्यांवर येते. स्मॉल स्लॅमला ती बरोबर ५० टक्के, तर ग्रँड स्लॅमला सुमारे ५६ टक्के येते.

यातून निघणारी एक गोष्ट सहज पचत नाही. व्हल्नरेबल असताना चाळीस टक्के शक्यतेचा गेम बोलणे योग्य आहे, आणि तो दहापैकी सहा वेळा बुडेल. म्हणजे योग्य निर्णय बहुतेक वेळा अपयशी दिसेल. निकालावरून शिकणारा खेळाडू अशा सहा अपयशांनंतर भित्रा होईल आणि त्याचा भिडू त्याला शहाणा झाला असे म्हणेल. याउलट एक फिनेस व त्यासोबत बाहेरच्या पाच पानांची तीन-दोन वाटणी अशा दोन्ही गोष्टी लागणारा गेम घ्या. पहिलीची शक्यता ५० टक्के, दुसरीची सुमारे ६८, दोन्ही मिळून ३४. हा गेम बोलणे सीमेच्या खाली आहे, तरी तो तीनपैकी एकदा साधतो आणि त्या दिवशी टेबलावर वाहवा होते.

समान पाने दोन ठिकाणी खेळवण्याच्या पद्धतीने हा दोष जातो, असा समज आहे. १८५७ मध्ये लंडनमध्ये ‘कॅव्हेंडिश’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या हेन्री जोन्स यांनी व्हिस्टबाबत तसा प्रयोग केला. तीच पाने दुसऱ्या खोलीत पुन्हा खेळवली, म्हणजे चांगली पाने पडण्याचे नशीब वगळले जाते. आजच्या संघस्पर्धा याच तत्त्वावर चालतात. परंतु वगळले जाते ते पाने पडण्याचे नशीब. निर्णयानंतरचे नशीब शिल्लकच राहते. १९७५ च्या बर्म्युडा बोल जागतिक स्पर्धेतील इटली व अमेरिका यांच्यातील अंतिम सामना हे याचे ठसठशीत उदाहरण आहे. सामना संपत आला असताना इटलीच्या बेनितो गारोझ्झो व ज्योर्ज्यो बेलादोन्ना या जोडीने किलवर हुकूम ठेवून सात, म्हणजे ग्रँड स्लॅम बोलला. हुकमाचा राजा व दश्शी बाहेर होती. फिनेस साधणे पुरेसे नव्हते, हुकमाची वाटणीही अनुकूल असणे आवश्यक होते. दुसऱ्या खोलीत अमेरिकेच्या जोडीने सहा बिनहुकमी हा सुरक्षित करार केला होता. एडी कँटार यांच्याकडे राजा-दश्शी अशी हुकमाची दोनच पाने निघाली आणि तीही एक्का-राणीच्या आधी खेळण्याच्या जागी होती. करार झाला. इटलीला १२ इंप मिळाले. तो बुडता तर अमेरिकेला १७ मिळाले असते. म्हणजे एकूण २९ इंपांचा फेर, आणि इटलीने सामना जिंकला तो २६ इंपांनी.

१२ मिळवण्यासाठी १७ पणाला लावायचे, तर सुमारे ५९ टक्के शक्यता हवी. हा करार पन्नासाच्याही खाली होता. जगज्जेतेपद ज्याने मिळवून दिले तो करार सव्वीस पानांवर चुकीचा होता, हे म्हणणे उद्धटपणाचे वाटेल, पण त्याखेरीज दुसरे काही म्हणणे म्हणजे राजा-दश्शीच्या जागेला बुद्धिमत्तेचे श्रेय देणे होय. या डावावर लिहिताना त्या दोन दिग्गजांच्या धैर्याची स्तुती करण्याचा मोह अनेकांना होतो. धैर्य होतेच. ते टक्केवारीत मोजता येत नाही, एवढेच.

पत्ते पिसण्याचा प्रश्न

वरील सर्व टक्केवारी एका गृहीतकावर उभी आहे, ते म्हणजे पत्ते पूर्णपणे पिसले गेले आहेत. याबाबतीत बोरघाटाचा संबंध पुन्हा येतो, आणि तो केवळ उपमेपुरता नाही. गोव्यात जन्मलेले, पुण्यात राहून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारे दामोदर धर्मानंद कोसंबी वर्षानुवर्षे डेक्कन क्वीनने याच घाटातून ये-जा करीत. इतिहासकार म्हणून त्यांची ख्याती एवढी मोठी, की संख्याशास्त्रातील त्यांचे काम महाविद्यालयीन वर्तुळात फारसे वाचले जात नाही. १९५८ मध्ये कोसंबी व यू. व्ही. राममोहन राव यांचा एक निबंध लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्याचा विषयच पत्ते पिसल्याने कितपत खरी सरमिसळ होते हा होता. पुढे १९९२ मध्ये डेव्ह बायर व पर्सी डायकोनिस यांनी दाखवून दिले, की जोड दोन भागांत करून एकमेकांत सोडण्याच्या पद्धतीने बावन्न पाने नीट मिसळण्यास साधारण सात वेळा पिसावे लागते. आपल्याकडे घरोघरी रूढ असलेली, तळहातावर थोडी-थोडी पाने सोडत जाण्याची पद्धत याहून कितीतरी मंद आहे.

ब्रिजच्या बोलीला याचा थेट उपसर्ग होतो. आधीच्या डावातील हात गोळा होतात तेव्हा एकाच रंगाची चार-चार पाने शेजारी येतात. ती नीट न पिसता वाटली, की चौघांना रंगांची वाटणी अधिक सारखी मिळते. म्हणूनच संगणकाने वाटलेले डाव स्पर्धांत आले, तेव्हा जुन्या खेळाडूंनी ‘हे डाव वेडेवाकडे आहेत’ अशी तक्रार केली. डाव वेडेवाकडे नव्हते, जुने डाव अनैसर्गिकपणे सपाट होते. तेव्हा हाताने वाटलेल्या डावातील बोलीला ६८ टक्क्यांचा आकडा लावणारा टीकाकार जे गणित करतो ते त्या टेबलावरील पत्त्यांचे असतेच असे नाही. ही त्रुटी लहान असेल, पण निर्णय सीमारेषेवरचा असताना लहान त्रुटीही बाजू पालटू शकते.

शक्यतेच्या स्वरूपाबद्दल येथे एक नोंद आवश्यक आहे. राजा प्रत्यक्षात कोणाकडे तरी आहेच, त्याला ‘पन्नास टक्के’ जागा नसते. ही टक्केवारी पत्त्यांची नसून माहितीची आहे. दिलेल्या पुराव्याच्या सापेक्ष वाजवी विश्वासाची मात्रा म्हणजे शक्यता, ही भूमिका मांडणारे हॅरॉल्ड जेफ्रीज हे कोल्हापूरचे संख्याशास्त्रज्ञ वसंत शंकर हुजूरबाजार यांचे केंब्रिजमधील मार्गदर्शक होते. ही भूमिका स्वीकारली की तेरा पानांचा निकष आपोआप येतो. ज्याला जे ठाऊक होते त्याच्याच सापेक्ष त्याची शक्यता मोजावी लागते.

संगणकाची साक्ष

अलीकडे वाद मिटवण्यासाठी संगणकाला पाचारण केले जाते. बोलणाऱ्याची तेरा पाने कायम ठेवून, झालेल्या बोलींशी सुसंगत असे एक हजार डाव रचायचे व किती वेळा करार होतो ते मोजायचे. हे साधन मौल्यवान आहे, कारण ते समीक्षकाला बावन्नाच्या आसनावरून उठवते. पण त्याच्याही मर्यादा आहेत. हजार डावांत पन्नास टक्क्यांच्या आसपासच्या उत्तराची प्रमाण त्रुटी सुमारे १.६ टक्के असते, शंभर डावांत ५ टक्के. ३७.५ च्या सीमेवर ३६ असे उत्तर आले म्हणून बोली चूक ठरवणे अवैज्ञानिक आहे. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. असे कार्यक्रम बहुधा चौघांनाही सर्व पाने दिसत आहेत असे मानून खेळतात. वर रचलेल्या डावात ते दर वेळी इस्पिकचीच उतारी करतील आणि करार नेहमी बुडालेला दाखवतील. प्रत्यक्ष माणूस बदामाचा गुलाम उतरतो. एक हजार डाव रचूनही बावन्न पाने पाहणारा तो डोळा मागच्या दाराने परत येतो.

समकक्षांचा कौल

या प्रश्नावर सर्वांत विचारपूर्वक उत्तर समीक्षकांकडून न येता नियमपुस्तकाकडून आले आहे. ड्युप्लिकेट ब्रिजच्या नियमांतील सोळावा नियम अनधिकृत माहितीविषयी आहे. भिडू बराच वेळ विचार करून पास म्हणाला, तर त्या थबकण्यातूनच काही कळते, आणि ते वापरण्यास मनाई आहे. अशा वेळी खेळाडूने पुढे केलेली बोली मान्य करावी की नाही हे स्पर्धा-संचालकाने ठरवायचे असते. कसोटी अशी, की त्याच दर्जाच्या व तीच पद्धत वापरणाऱ्या खेळाडूंपैकी लक्षणीय जणांनी कोणत्या पर्यायांचा गंभीरपणे विचार केला असता, आणि त्यांपैकी काहींनी कोणता निवडला असता. त्यासाठी संचालक अनेकदा समकक्ष खेळाडूंना ती तेरा पाने व झालेल्या बोली देतो, बाकी काही न सांगता ‘तुम्ही काय बोलाल’ एवढेच विचारतो. निकालाचा प्रश्न त्यानंतर येतो, तोही केवळ प्रतिपक्षाचे नुकसान झाले का एवढ्यापुरता.

संशोधनपत्रिकांतील समकक्ष परीक्षणाशी परिचित असलेल्या प्राध्यापकवर्गाला ही पद्धत ओळखीची वाटेल, आणि तिचा कच्चा दुवाही. ‘त्याच दर्जाचे’ कोण हे ठरवणारा पुन्हा एक माणूसच असतो. शिवाय बहुमत म्हणजे बरोबर असे नव्हे. नव्याने शोधलेली चांगली बोली पहिल्या दिवशी अल्पमतातच असणार. तरीही प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत हे या नियमाने निश्चित केले आहे आणि समीक्षेत नेमके तेच सुटलेले आढळते.

भिडूशी बोलणे

मराठीत लिलावातील मागणीला आणि माणसांच्या भाषेलाही ‘बोली’ म्हणतात. ब्रिजच्या संदर्भात हा योगायोग उपयोगी आहे. येथे बोली ही पैज असते आणि भिडूला उद्देशून केलेले विधानही असते. टक्केवारीची समीक्षा पैजेचा विचार करते आणि विधानाकडे तिचे दुर्लक्ष होते. एखादा खेळाडू भिडूला काहीही न विचारता थेट सहा बोलतो, स्लॅम होतो, शक्यताही साठ टक्के निघते. तेरा पानांच्या कसोटीवर ही बोली उत्तीर्ण होते. परंतु भिडूच्या हाती ग्रँड स्लॅमला पुरेल असे काही होते का, हे त्याने विचारलेच नाही. पुढच्या डावात हाच खेळाडू नियमाप्रमाणे प्रश्न विचारणारी बोली करील, तेव्हा भिडूला तिचा अर्थ ठरल्याप्रमाणे घ्यावा की मागच्या डावाप्रमाणे, हे कळणार नाही. हे नुकसान त्या डावाच्या गुणपत्रिकेत कोठेच दिसत नाही आणि संगणकाच्या हजार डावांतही सापडत नाही.

उलट बाजूही आहे. ठरलेल्या पद्धतीप्रमाणे बोलून जोडी वाईट करारात पोहोचली, तर दोष बोलणाऱ्याचा नसून पद्धतीचा असू शकतो. वरच्या उदाहरणात इस्पिक दोघांकडेही उघडे आहे हे ‘एक बिनहुकमी – तीन बिनहुकमी’ या दोन बोलींतून कळण्याचा मार्गच नव्हता. ते शोधून काढणारी पद्धत रचता येते, पण तिची किंमत मोजावी लागते. प्रत्येक जादा बोली प्रतिपक्षालाही ऐकू जाते, आणि कोणता रंग विचारला गेला हे कळले की उतारी करणाऱ्याचे काम सोपे होते. थेट तीन बिनहुकमी बोलणारी जोडी कधी उघडी पडते आणि कधी प्रतिपक्षाला अंधारात ठेवते. बदामाच्या गुलामाची उतारी हे त्याचेच फळ आहे. अशा डावाची समीक्षा करायची, तर त्या एका बोलीऐवजी जोडीने आधी ठरवलेल्या पद्धतीचे परीक्षण करावे लागते, आणि ते एका डावावरून होत नाही.

डावानंतरची भांडणे बहुधा येथेच उद्भवतात. १९२९ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे चार इस्पिकचा करार बुडाल्यावर एका दांपत्यात भांडण झाले व त्यात पत्नीच्या हातून पतीचा गोळी लागून मृत्यू झाला. पत्नी पुढे निर्दोष सुटली. ईली कल्बर्टसन यांनी नंतर तो डाव मांडून करार कसा पूर्ण करता आला असता ते दाखवले. ते विश्लेषण चारही खेळाडूंची पाने समोर ठेवूनच केलेले होते.